नमाजात माणूस बोलत नाही

माझा नवरा फार समाधानी आहे, असं लोक मला कौतुकानं सांगतात. सांगणाऱ्यानं आठ दिवस त्याच्यासोबत संसार करून पाहावा. फ्रिज बंद पडला तर हा म्हणतो, "चला, आता रोज ताजं खाऊ." भाजीत मीठ दोनदा पडलं तर पाण्याचा गडू जवळ ओढतो आणि ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणत जेवण संपवतो. भांडायचं तर समोरच्याला निदान एक शब्द उलटून बोलावा लागतो. त्यापेक्षा भिंतीवर डोकं आपटलेलं बरं, भिंत आवाज तरी करते.

त्याचं नाव मुनाफ. पवनार आणि आसपासच्या पाच-सात गावांतल्या शेतांवरच्या मोटरी तो दुरुस्त करतो. बिघाड विहिरीच्या आत असला तर कमरेला दोर बांधून आत उतरतो. मी बिल्किस, घरी ब्लाउज शिवते. आमची मेहेक नागपूरला नर्सिंग शिकते. मी नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही, ‘मेहेकचे अब्बा’ म्हणते. लिहिताना मात्र घेते, नाहीतर गोष्ट पुढं सरकायची नाही. घरात आमची अर्धी हिंदी, अर्धी वऱ्हाडी अशी खिचडी चालते, पण माझी शाळा मराठीच झाली.

यंदा एप्रिलात सावंगीच्या एका वसतिगृहात पंप सांभाळायची कायमची नोकरी त्याला चालून आली. सावलीतलं काम, विहिरीत उतरणं नाही. मी मनातल्या मनात पेढे वाटून मोकळी झाले. मुनाफनं इस्तिखारा केला. म्हणजे दोन रकात, दोन फेऱ्यांची, नमाज पढून ‘यात भलं असेल तर दे, नसेल तर दूर ठेव’ असं अल्लाहकडे मागितलं. चार दिवसांनी म्हणाला, "मन तिकडं जात नाई, बिल्किस. उन्हाळ्यात लोकायच्या विहिरीत कोण उतरन?"

"मन जात नाई, का तुम्हीच जात नाई?" मी विचारलं.

तो हसला. मला त्याच्या त्या हसण्याचीच चीड येते. विहिरीबद्दल काही बोललं की त्याचं एकच उत्तर असतं, "दोर तपासनं माह्यं काम. बाकीचं त्याचं." दोर तो खरंच तीनदा तपासतो, एवढं कबूल केलं पाहिजे. पण मला ते आळसाचं पांघरूण वाटायचं. ज्याला काही मिळवायचं नसतं तो ‘नशिबात होतं’ म्हणतो, असं मी मेहेकला कितीदा तरी सांगितलं असेल.

मे महिन्यातल्या त्या बुधवारी तो धाम नदीच्या काठी, सदाशिवरावांच्या शेतात कामाला गेला होता. दीड वाजता मी फोन लावला. वसतिगृहवाल्यांना संध्याकाळपर्यंत शेवटचा होकार-नकार हवा होता.

"जोहर राह्यली हाय," तो म्हणाला. जोहर म्हणजे दुपारची नमाज. "पढतो अन् मंग बोलू."

"आधी माह्याशी बोला. अल्लाह कुठं पळून नाई चालला."

आणि मी बोलत सुटले. चांगली वीस-पंचवीस मिनिटं. पलीकडून सदाशिवरावांच्या मुलाचा, अंकुशचा आवाज येत होता, "मुनाफभाई, लाइन याच्या आत काम उरका!" शेतातली वीज ठरल्या वेळी येते आणि ठरल्या वेळी जाते, ती यायच्या आत मोटर जोडून व्हायला हवी होती. मुनाफ दोनदा म्हणाला, "बिल्किस, वख्त चालला." मी शेवटी जे बोलले ते लिहिते, कारण ते गाळलं तर बाकी सगळं खोटं होईल. मी म्हणाले, "तुम्हाले तुमची विहीरच प्यारी, तं राहा मंग विहिरीतच!" आणि फोन नुसता ठेवला नाही, बंदच करून टाकला.

शिवलेले ब्लाउज पोचवायला मी वर्ध्याला गेले. पाचच्या सुमारास परतीच्या बसमधून पवनारला उतरले तर शेजारची मयुरी स्कूटी घेऊन थांब्यावरच उभी होती.

"भाभी, फोन काऊन बंद ठेवला वं? दोन बसा पाह्यल्या मी." तिनं मला हाताला धरून मागच्या सीटवर बसवलं. "विहिरीची भिंत पडली. मुनाफभाई आत हायेत. जिवंत हायेत, बोलून राह्यले होते. घट्ट पकडजो."

‘राह्यले होते.’ वाटभर मी तेवढ्या दोन शब्दांना धरून बसले होते. बोलून राह्यले होते म्हणजे आता नाही का, हे विचारायला तोंड उघडत नव्हतं.

विहिरीपाशी पन्नासेक माणसं होती. म्हातारे सदाशिवराव जमिनीवर बसलेले, टोपी मांडीवर. काठापासून वीसेक पावलांवर जेसीबी मशीन धडधडत उभी होती आणि तिच्यावर अश्विन नावाचा ड्रायव्हर इशाऱ्याची वाट पाहत होता. दवाखान्याची गाडी बांधावर लागलेली. बचाव पथकाला नागपूरहून यायला अजून दोन तास होते.

अंकुश माझ्याजवळ आला. तिशीतला तगडा गडी, पण घामानं निथळत होता. त्यानं आणि डोमाजींनी मिळून मला काय झालं ते सांगितलं. डोमाजी म्हणजे विहिरी खोदण्यात सगळी उमर गेलेला म्हातारा.

विहीर पंचवीस फूट खोल, जुनी, दगडांनी बांधलेली, मे महिन्यात पाणी एका कोपऱ्यात आटलेलं. पाणी खेचणाऱ्या पाइपाच्या खालच्या टोकाला एक झडप असते, ती अडकली होती. मुनाफनं उतरण्याआधी भिंत पाहिली, ‘भरोशाची नाई’ म्हणाला आणि तळापासून थोडं वर लोखंडी गर्डर आडवा ठोकून घेतला. मग झडप काढली. ती हातात असतानाच एका बाजूची भिंत खाली आली. दगड गर्डरवर अडकले आणि त्याखाली माणूस बसेल एवढी पोकळी राहिली. मुनाफ तिच्यात होता, एक पाय दगडाखाली. झडप निघालेली असल्यामुळे पाइप मोकळा होता. वरचं टोक उघडून अंकुशनं हाक मारली तर खालून आवाज आला. साडेतीनपासून ते पाइपातूनच त्याच्याशी बोलत होते. डोमाजींची दोन माणसं दोराच्या झोळीत उतरून हातानं एकेक दगड काढत होती.

"मंग मशीन कायले आणली?" मी विचारलं.

डोमाजींनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "मीच सांगतलं होतं पोरी. जवर तो बोलते, तवर हातानंच काढाचं. मशीन काठावर आली का उरली भिंतबी जाईन. पन आवाज बंद झाला, म्हणजे आत हवा संपली. मंग हातानं काढत बसलं तं मढंच निघन. मंग मशीन लावाची. वाचला तं वाचला."

"अन् आवाज बंद झाला?"

"बारा मिनिटं झाले, भाभी," अंकुश म्हणाला. "हाका मारू मारू गळा बसला माह्या. मानसं वर काढून घेतली. आता मशीन लावतो. याच्याहून जास्त थांबलो तं..." त्यानं अश्विनकडे हात वर केला.

मशीन एक हिसका देऊन पुढं सरकली. काठावरून मूठभर माती खाली घरंगळली. ती पडल्याचा आवाज मला आला नाही, इंजिनाच्या धडधडीत कसा येणार, पण मला ती कुणाच्या डोक्यावर पडली ते दिसत होतं.

"थांबा!" मी ओरडले. "शेवटचं काय बोलले ते?"

"काही नाई. टाइम विचारला."

"किती सांगितला?"

"पाच वाजले म्हटलं. ते म्हणे, ‘बरं.’ त्याच्यानंतर काहीच नाई."

मी पाइपाकडे धावले. आडवी पडायचीच राहिले. पाइपावर हात ठेवून, सगळ्या लोकांकडे तोंड करून मी जेवढा आवाज होता तेवढ्यानं म्हणाले, "मशीन बंद करा! ते नमाजात हायेत. असरची वेळ झाली म्हणून टाइम विचारला. नमाजात माणूस बोलत नाई. कितीबी हाका मारा, सलाम फेरल्याबिगर ते बोलनार नाई. बंद करा ते!"

असर ही पाचच्या सुमाराची, चार रकातींची नमाज, आणि शेवटी दोन्हीकडे मान वळवून सलाम फेरला की ती संपते. पाच वेळच्या नमाजा आमच्या घरात घड्याळासारख्या चालतात, म्हणजे त्याच्या चालतात. माझ्या कधी होतात, कधी शिलाईत राहून जातात.

अंकुश माझ्याकडे वेडी बाई पाहावी तसा पाहत राहिला. "भाभी, पाय दगडाखाली, डोक्यावर दहा फूट मलबा. अशात कोणी नमाज पढते?"

"तुम्ही नाई पढत. ते पढतात."

"उभं राह्यता येत नाई आत!"

"बसून होते. बसता नाई आलं तं नुसत्या मानेच्या इशाऱ्यानं होते. वजूले, हातपाय धुवाले, पाणी नसन तं कोरड्या मातीवर हात मारून चालते. मातीची काय कमी हाय तिथं?"

कुणीतरी मागून म्हणालं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. मयुरीनं त्याला गप्प केलं.

अंकुश माझ्या अगदी जवळ आला. त्याचे डोळे लाल झाले होते. तो माझ्यावर चिडला नव्हता, तो घाबरला होता. त्याच्या विहिरीत माणूस मरत होता आणि निर्णय त्याच्या गळ्यात पडला होता. "भाभी, पक्कं हाय? मले फक्त इतलं सांगा. पक्कं?"

"पक्कं," मी म्हणाले.

काही पक्कं नव्हतं. बारा मिनिटांत चार रकाती केव्हाच होऊन जातात, हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं. तो टाइम कशासाठीही विचारू शकत होता. गुदमरणारा माणूसही टाइम विचारतो. मी थांबवलं आणि तो आत शेवटच्या श्वासाला टेकला असेल, तर त्याला मीच मारलं. मी थांबवलं नाही आणि तो नमाजात असेल, तरी मीच मारलं. दुपारी तोंडानं मागितलं होतं तसंच घडत होतं. राहा मंग विहिरीतच. अल्लाह ऐकत असतो, हे मला सांगायला घरात एक माणूस होता, तो सांगून सांगून थकला होता.

सदाशिवराव उठले. टोपी डोक्यावर ठेवली. "अंकुश, तिचा नवरा हाय," ते म्हणाले. "तिले नाई कळन तं कोनाले कळन? कर बंद मशीन." मग माझ्याकडे वळून हात जोडल्यासारखे केले. "पन बाई, दहा मिनिटं. त्याच्यावर मीबी थांबवू शकत नाई."

अश्विननं किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं आणि एकदम नदीकाठच्या बगळ्यांचा कलकलाट ऐकू आला. डोमाजी आपल्या माणसांना म्हणाले, "तवर हातानं चालू द्या." झोळी पुन्हा खाली गेली.

मी पाइपाला कान लावून बसले. लोखंड तापलेलं होतं, गालाला चटका बसला, पण मी कान काढला नाही. आत काही नव्हतं. म्हणजे काहीच नाही असं नाही. शंख कानाला लावल्यावर येतो तसा हूं असा आवाज होता, पण तो श्वासाचा की नुसता पाइपाचा, कसं ओळखणार?

मग मी एक केलं. डोळे मिटले आणि त्याच्यासोबत नमाज चालायला लागले, मनातल्या मनात. आता नीयत बांधली, नमाज सुरू. आता फातिहा. मुनाफ सावकाश पढतो, मी त्याला नेहमी म्हणते की तुमच्या दोन रकातीत माझ्या चार होतात. आता रुकू. त्याला कमरेतून वाकता येत असेल का? आता सजदा, मान खाली, जेवढी जाईल तेवढी. पाय दुखत असेल. पहिली रकात झाली. पुन्हा उभं, म्हणजे पुन्हा बसलेलंच. दुसरी.

अंकुश हातातल्या मोबाइलकडे बघत येरझाऱ्या घालत होता. "पाच झाले," तो म्हणाला. मग "सात." मी तिसऱ्या रकातीत होते आणि चौथीत जायला धजत नव्हते. चौथी संपली आणि आवाज आला नाही तर?

"मुनाफ!" मी पाइपात ओरडले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. नाव खाली गेलं आणि घुमून माझंच मला परत मिळालं. उत्तर नाही.

"दहा," अंकुश म्हणाला. "भाभी, उठा आता."

मी उठले नाही. तो अश्विनकडे वळला. अश्विनचा हात किल्लीवर गेला. आणि तेवढ्यात मला ‘जोहर राह्यली हाय’ हे त्याचं दुपारचं बोलणं कानात कुणी आत्ता सांगावं तसं ऐकू आलं.

त्यानं जोहर पढलीच नव्हती. मी पढू दिली नव्हती. माझ्याशी बोलता बोलता वख्त गेला, मग लाइनीची घाई, मग विहीर. आणि हा असा माणूस आहे की राहिलेली नमाज आधी फेडल्याशिवाय पुढच्या नमाजेला हात लावत नाही. क्रम मोडत नाही. म्हणजे पाचला त्यानं आधी जोहर धरली असणार. असर त्याच्यानंतर.

"अंकुशभाऊ, दोन नमाजा हायेत!" मी म्हणाले. "एक दुपारची राह्यली होती. माह्यामुळं राह्यली. पाच मिनिटं अजून. त्याच्यानंतर मी सोता सांगीन तुम्हाले, चालवा म्हणून. मी सांगीन. पाप माह्या डोक्यावर."

"पाप कोनाच्या डोक्यावर, याचं काय करू मी, भाभी?" तो जवळजवळ रडत म्हणाला. पण त्यानं हात खाली घेतला.

त्या पाच मिनिटांचं मला नीट सांगता येणार नाही, तरी सांगून पाहते. मी पुन्हा डोळे मिटले. आता मोजायला काही उरलं नव्हतं. मला जे कळत होतं ते मी केलं होतं, जे ओरडायचं ते ओरडले होते. हातात काही राहिलं नाही म्हटल्यावर माणूस घाबरायला हवा. मी घाबरलेच होते. पण त्या भीतीच्या खाली कुठंतरी पाय टेकले. ‘या अल्लाह, हा तुझा आहे,’ मी म्हणाले. ‘माझा नंतर. तुझ्याकडे ठेवलास तरी तुझा, परत दिलास तरी तुझा.’ हे मी कुणाकडून शिकले नव्हते. किंवा शिकले असेन, रोज पाच वेळा समोर बघून. हा माणूस इतका शांत का राहतो, ते मला तिथं कळलं. त्याला काही नको असतं म्हणून नाही. तो दिवसातून पाच वेळा उठून ओझं खाली ठेवतो. मी सव्वीस वर्षं तेच ओझं डोक्यावर घेऊन त्याला आळशी म्हणत होते.

पाइपावर टण् असं वाजलं.

मला वाटलं वरून कुणाचा हात लागला. पुन्हा वाजलं, दोनदा. मग खोलातून, घशात माती अडकलेला आवाज आला, "झाली वं नमाज. आता बोल."

मला बोलताच येईना. मयुरीनं किंकाळी फोडली, अंकुश मटकन खाली बसला, आणि सदाशिवराव, ज्यांना मी कधी कुणापुढं वाकलेलं पाहिलं नाही, ते पाइपाला हात लावून रडायला लागले. डोमाजी तेवढे भानावर होते. ते झोळीतल्या माणसांवर खेकसले, "काय पाह्यता वर तोंड करून? दगड काढा!"

त्याला बाहेर काढायला साडेसहा झाले. उजवा पाय घोट्याखाली चेंदामेंदा झाला होता. पुढं दवाखान्यात तीन बोटं गेली आणि आता तो विहिरीत उतरू शकत नाही. पण हे नंतरचं. त्या वेळी दवाखान्याच्या गाडीत तो आडवा होता, डोक्यापासून पायापर्यंत मातीचा, नळी हाताला, आणि शेजारी मी. गाडी सुटली तशी माझी वाचाही सुटली.

"हाका ऐकू येत नव्हत्या का तुम्हाले?"

"येत होत्या ना."

"मंग?"

"जोहर चालू होती. भिंत पडल्यावर बेहोश होतो काही वेळ, मंग टाइम कळलाच नाई, म्हणून अंकुशले विचारलं." तो थांबून थांबून बोलत होता. "चौथ्या रकातीत वरून माती पडू लागली, मशीनीचा आवाज आला. म्हटलं, सलाम फेरतो अन् सांगतो, मशीन नका लावू म्हणून. सलाम फेरला. तोंड उघडलं. अन् पाइपातून तुह्या आवाज आला. ‘मशीन बंद करा, ते नमाजात हायेत.’"

"म्हणजे तवा तुम्ही नमाजात नव्हतेच?"

"नव्हतो. जोहर झाली होती, असर धराची होती."

"मंग बोलले काऊन नाई?" माझा आवाज इतका चढला की ड्रायव्हरनं मागं वळून पाहिलं. "एक शब्द! पंधरा मिनिटं मेली मी तिथं!"

"तू चारचौघात सांगून टाकलं ना, नमाजात हाय म्हणून. मशीनबी बंद झाली तुह्या शब्दावर. आता तुले खोटं कसं पाडू?" तो हसला, तेच त्याचं हसणं. "लगेच असरची नीयत बांधली."

मला त्याला मारावंसं वाटलं. खरंच वाटलं. मी दोन्ही हात पदराखाली धरून ठेवले आणि मग रडू आलं, आणि रडता रडता मी खरं ते सांगून टाकलं. "मले काही मालूम नव्हतं. पक्कं हाय का म्हणून विचारलं अंकुशनं, मी पक्कं म्हटलं. काही पक्कं नव्हतं. सगळं अंदाजानं बोलली मी."

त्यानं नळी नसलेल्या हातानं माझा पदर धरला.

"मले तरी कुठं मालूम होतं किबला कोणीकडं हाय," तो म्हणाला. "काळाकुट्ट अंधार, पाय अडकलेला, दिशा काही समजे ना. अंदाजानंच तोंड केलं एकीकडं."

मक्केकडे तोंड करून नमाज पढायची असते, आणि मक्का आमच्या पश्चिमेला. मी विहीर डोळ्यांपुढं आणली. गर्डर कुठं होता, पाइप कुठल्या भिंतीला, त्याला उचललं तेव्हा त्याची पाठ कुणाकडे होती. नदी त्या शेताच्या पूर्वेला. हा पूर्ण वेळ नदीकडे तोंड करून बसला होता.

"उलटं होतं," मी म्हणाले. "पाठ होती तुमची मक्केकडे. दोन्ही नमाजांत."

"असन," मुनाफ म्हणाला. "ऐकनाऱ्याले पाठीमागूनबी ऐकू येते."

यावर मी काहीतरी बोलणार होते, माझ्याकडे उत्तर नेहमी असतं. पण गाडी आदळली, तो कण्हला, आणि मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याच्या केसांतून माती गळत होती. ती मी झटकली नाही. वर्धा येईपर्यंत मला त्याच्याविरुद्ध बोलायला एक शब्द सापडला नाही, आणि खरं सांगायचं तर मी तो शोधलाही नाही.